पिवळ्या बिल्ल्याचा मासा

व्याहीबुवा, काल तुमच्या पुण्यानुमोदनाचं जेवण झालं. वरण, भात, वांग्या-बटाट्याची भाजी आणि बुंदी. मासा नाही. अशा जेवणात तो नसतोच, एवढं मलाही कळतं. पण पंगतीत बसल्या बसल्या मला हसू फुटलं आणि शेजारी बसलेल्या तुमच्या मेहुण्याने असं काही बघितलं की मी मान खाली घालून मुकाट्याने भात कालवायला लागलो. काय सांगणार होतो त्याला? की ह्या माणसाच्या घरी मी दहा वर्षं जेवलो, ह्याने माझ्या डोळ्यांदेखत ढिगाने मासे धरले, आणि एकदासुद्धा माझ्या ताटात मासा पडला नाही? शेवटच्या पंगतीतही नाहीच पडला. हट्टाचे पक्के निघालात.

लोक चांगलं बोलले तुमच्याबद्दल. ओझरच्या विमान कारखान्यातली नोकरी, विहारासाठी केलेली धावपळ, कॉलनीतल्या पोरांच्या शिकवण्या. सगळं खरं. मलाही दोन शब्द बोला म्हणाले, पण मी उठलो नाही. माझ्याकडे जे आहे ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. तुमच्याशीच बोलायचंय, आणि तुम्ही होतात तोवर ते बोलायची माझी हिंमत झाली नाही.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात माझी मंदा तुमच्या सुभाषला दिली. बैठकीतच तुम्ही सांगून टाकलंत, हुंडा नको, आहेर नको, मानपान नको. मुलीचा बाप मी, मला बरंच वाटलं. माणूस सरळ आहे म्हणालो. सरळ माणसं किती छळतात ते तेव्हा माहीत नव्हतं. मी फक्त एक गोष्ट मनात धरून बसलो होतो, लग्नानंतरचं व्याहीभोजन. मला माशांचं वेड आहे हे मंदाने पहिल्याच आठवड्यात सासरी सांगून ठेवलेलं. आणि तुमचा निरोप आला, रविवारी या, गंगापूरच्या धरणावर जाऊ, गळ टाकू. मी मनमाडहून निघताना मंदाच्या आईला सांगितलं, आज व्याह्यांच्या हातचा ताजा मासा. तिने मला मेणकापडाची पिशवी दिली, उरला तर आणा म्हणून.

काय ते ध्यान होतं तुमचं! डोक्याला पंचा, पायात कारखान्याचे बूट, लूनाच्या मागे बांधलेली काठी, आणि एका डब्यात पेंड भाजून कणकेत मळलेले गोळे. तीन तास आपण उन्हात बसलो. मी बोलायला लागलो की तुम्ही ओठांवर बोट ठेवायचात. मनमाड जंक्शनवर ज्याचा आवाज तिसऱ्या फलाटावर ऐकू जातो त्याला तुम्ही तीन तास गप्प बसवलंत, हा तुमचा पहिला पराक्रम. मग एकदाची रिळाची चक्री फिरली, काठी वाकली, आणि अर्ध्या तासाने तुम्ही एक कटला काठाला आणलात. सात-आठ किलोचा असेल. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मी पिशवी उघडून उभा राहिलो.

तुम्ही माशाला ओल्या गोणपाटावर ठेवलंत. डोळ्यांवर ओलं फडकं टाकलंत, की अंधार झाला की तो शांत होतो म्हणे. शिंप्याच्या टेपने लांबी घेतलीत, ती दोनदा घेतलीत. मग सुईत नायलॉनचा दोरा ओवून पाठीवरच्या पराच्या बुडाशी एक टाका घातलात आणि त्याला नखाएवढा पिवळा प्लॅस्टिकचा बिल्ला बांधलात. मला वाटलं, काहीतरी शास्त्र असेल, कापायच्या आधीचं. तुम्ही मासा उचललात, पाण्यात कमरेइतके गेलात, त्याला तोंड पुढे करून धरून ठेवलंत आणि हात सोडलेत. शेपटीचा एक फटका आणि गेला.

"बघितलंत व्याही? कसा गेला," तुम्ही वळून म्हणालात. चेहऱ्यावर असा आनंद, जसा मुलगा झाल्याचा.

मी पिशवीची घडी घातली. घरी विहीणबाईंनी अंड्यांचा रस्सा केला होता. फार चांगला केला होता, त्यांचा काही दोष नाही. पण संध्याकाळच्या पॅसेंजरने मी मनमाडला पोचेपर्यंत धुमसत होतो. व्याह्याच्या तोंडचा मासा काढून धरणात टाकणारा व्याही जगात दुसरा झाला नसेल. मी दुसऱ्या दिवशी तुम्हाला एक तिखट पत्र लिहिलं. तुमचं उत्तर आलं आंतरदेशीयवर, वळणदार अक्षरात. माफी नाही, काही नाही. "आपल्या साक्षीने सोडलेल्या माशाची लांबी अमुक, घेर तमुक, बिल्ला क्रमांक अमुक. आपला नम्र." मंदाच्या आईने ते पत्र वाचलं आणि ती इतकी हसली की माझा राग तिच्यावर निघाला.

पुढे कळलं ते असं. मत्स्यखात्याच्या एका साहेबांनी हौशी गळवाल्यांना गाठलं होतं. धरणात सोडलेले मासे जगतात किती, वाढतात किती, जातात कुठे, हे बघायचं होतं त्यांना. मासा धरायचा, मोजायचा, बिल्ला बांधून सोडायचा. पुन्हा कोणाला सापडला तर त्याने बिल्ला खात्याला आणून द्यायचा. पैसा-अडका काही नाही, फुकटची हमाली. आणि तुम्ही ती कारखान्यात विमानाचा भाग तपासावा तशी करायचात. तुम्हाला एकच गोष्ट हवी होती. सोडलेल्यांपैकी एक तरी बिल्ला परत यावा. एक आला की कळेल, गळाला लागून, टाका खाऊन सुटलेला मासा जगतो.

मी काय कमी? पुढच्या रविवारी मीच आलो. का आलो ते अजून सांगता येत नाही. राग होता म्हणून आलो असेन. मग येतच राहिलो. मंदाच्या आईला वाटायचं मी मुलीला भेटायला जातो, मंदाला वाटायचं मी नातवाला भेटायला येतो, आणि मी तुमच्याशी भांडायला यायचो. पहिल्याच दिवशी मी बिल्ला हातात घेऊन बघितला. वर नंबर, खाली इंग्रजीत खात्याचं नाव. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात आयुष्यभर लेबलं चिकटवलेला माणूस मी. म्हटलं, अहो, हा ज्याच्या जाळ्यात जाणार त्याला इंग्रजी येतं का? तुम्ही म्हणालात, खात्याने छापून दिलेत. म्हटलं, मग तुमचं पार्सल कायमचं बेवारस पडणार. तुम्ही तीन आठवडे माझ्याशी नीट बोलला नाहीत.

दोन पावसाळे गेले, एकही बिल्ला आला नाही. तुम्ही दर सोमवारी कारखान्याच्या बसमधून उतरून खात्याच्या ऑफिसात डोकावायचात आणि हात हलवत परत यायचात. आणि मग तो रविवार. चहाच्या थर्मासवरून सुरू झालेलं भांडण, कुठून कुठे गेलं. मी म्हणालो, मेले तुमचे मासे. तोंडात गळ, पाठीत भोक, वर अर्धा तास उन्हात टेप लावून बसता, तो जगतोय कशाला? सोडण्याचं पुण्य घेता आणि पाण्याखाली मरतो तो तुम्हाला दिसत नाही, एवढंच. त्यापेक्षा मी खाल्ला असता तर कोणाच्या तरी पोटात गेला असता.

तुम्ही काठीचे तुकडे वेगळे करून पिशवीत भरलेत. मला मनमाडच्या गाडीपर्यंत लूनावर सोडलंत आणि वाटेत एक शब्द नाही. मला तेव्हाच मागे घ्यायला हवं होतं ते बोलणं. माझी जीभ अशी आहे, पुढे पटकन जाते आणि मागे यायला तयार नसते.

त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी मी निफाडला एका लग्नाला गेलो. येताना बाजारात एक बाई नांदूरच्या बंधाऱ्यावरचे मासे घेऊन बसली होती. एक कटला घेतला. पाठीवर शेवाळाचा गोळा होता, म्हटलं असेल काहीतरी. घरी मंदाच्या आईने विळीवर घेतला आणि मला हाक मारली.

"अहो, ह्याला बटण कोणी लावलंय?"

मी गेलो. शेवाळ खरवडलं. पिवळा बिल्ला.

व्याहीबुवा, मी तिथे मोरीत उकिडवा बसलो होतो आणि मला कळत होतं माझ्या हातात काय आहे ते. तुमचा मासा जगला होता. नुसता जगला नव्हता, धरणाचे दरवाजे उघडले तेव्हा खाली पडून, अख्खं नाशिक ओलांडून, निफाडपर्यंत आला होता. तुम्ही दोन वर्षं ज्याच्यासाठी झुरत होतात ते माझ्या हातात होतं. आणि मला पहिली गोष्ट सुचली ती ही, की आता मी भांडण हरलो. बस. एवढा मोठा माणूस मी, नातवंड असलेला, पण हेच सुचलं. मंदाच्या आईने मासा शिजवला, आम्ही खाल्ला, आणि बिल्ला मी चुन्याच्या जुन्या डबीत टाकून ठेवला. ती महिनाभर म्हणत होती, सांगून टाका, सांगून टाका. मी म्हणायचो, सांगतो. नाही सांगितलं. महिन्याचं वर्ष झालं, वर्षाची दोन झाली, आणि दर रविवारी तुम्ही माझ्या शेजारी बसून मला अर्धी भाकरी देत होतात.

मग कोंडाबाई. त्या रविवारी तुम्हाला कारखान्यात जादा पाळी होती. मी एकटाच धरणाच्या खालच्या अंगाला मासे धरणाऱ्यांच्या वस्तीवर गेलो, तुमच्या चोरून चार मासे घ्यावेत म्हणून. बाई जाळं सांधत बसली होती. मी सहज विचारलं, मोठा नाही का एखादा? ती म्हणाली, "परवा आलता एक. पन पिवळ्या धाग्याचा व्हता. हळद लावून सोडला."

मी म्हटलं, का सोडला?

"देवाला सोडलेला खात्यात व्हय? कुनाचा तरी नवस असंल."

असे किती आले म्हणून मी विचारलं. लय आले, म्हणाली. सासऱ्याच्या जाळ्यात आले, दिराच्या जाळ्यात आले. एक तर तीनदा आला, आणि तिने हातावर दाखवलं, पहिल्यांदा कोपराएवढा, मग दंडाएवढा. वळू सोडतात, कोंबडा सोडतात, तसा कोणीतरी मासा सोडतोय असं त्या सगळ्या वस्तीने धरलं होतं. पिवळा रंग, पाठीवर बांधलेला, वर न वाचता येणारी अक्षरं. दुसरं काय समजणार बिचारे? धरायचे, हळदीचं बोट लावायचे, सोडायचे. म्हणून एक बिल्ला परत येत नव्हता.

मी कारखान्याच्या बसच्या थांब्यावर येऊन तुमची वाट बघत उभा राहिलो. तुम्ही उतरलात, मी सांगितलं. तुम्ही आधी ऐकून घेतलंत. मग भिंतीला टेकलात आणि हसायला लागलात ते थांबेचनात. लोक बघायला लागले. विहारात उभं राहून नवसाविरुद्ध तासतासभर बोलणारा माणूस, घरात कधी उदबत्ती न लावलेला, आणि ह्याने धरणात देव सोडलेत. डबा हातातून पडला तुमच्या. मी तुम्हाला असं हसताना त्याआधी बघितलं नव्हतं. "जगले ना पण? तीनदा आला म्हणाली ना?" हे तुम्ही मला घरी पोचेपर्यंत चार वेळा विचारलंत.

आणि दुसऱ्याच रविवारी म्हणालात, जाऊन खरं सांगायचं. मी हातापाया पडलो. म्हटलं, देवाचा म्हणतात म्हणून जगतायत, तुम्ही खरं सांगा आणि उद्या सगळे बाजारात. तुम्ही म्हणालात, माझ्या नावावर खोटा देव चालू देणार नाही. किती भांडलो आपण त्या दिवशी! गंमत बघा, मासे खाणारा मी त्यांना वाचवा म्हणत होतो आणि सोडणारे तुम्ही. शेवटी गेलातच. मी मागून.

तुम्ही कोंडाबाईसमोर उभे राहून, मुलाखत द्यायला आल्यासारखे, सांगितलंत की बाई, हा देवाचा नाही, मी सोडलाय.

तिने विचारलं, "तुमीच धरला?"

"हो."

"मंग खाल्ला का नाय?"

"जगतो का ते बघायचं होतं."

तिने जाळ्यातून मान वर काढून तुमच्याकडे पुरतं बघितलं. "मंग आमी तरी दुसरं काय म्हंतो?"

कारखान्यात साहेबांना गप्प करणारे तुम्ही, पंचाने मान पुसत उभे राहिलात. मग म्हणालात, निदान पुढच्या वेळी बिल्ला तेवढा कापून द्या. तिने साफ नाही म्हटलं. बांधला कोणी, तुम्ही. काढायचा तर तुम्हीच काढा. मासे वाचले, तुम्ही खरं बोललात, मीही खूश. फक्त बिल्ला काही मिळाला नाही.

आणि त्याच सुमाराला खात्याच्या साहेबांनी सांगितलं, मार्चअखेर एकही बिल्ला आला नाही तर काम बंद. त्यांना कोंडाबाईची साक्ष चालणार नव्हती, बिल्ला हातात हवा होता. तुम्ही मला हे धरणावर सांगितलंत, काठी लावता लावता, अगदी सहज. "आता आपलं आपण येत जाऊ व्याही, नुसतं बसायला." तुमच्या हाताला कणकेचा गोळा लागलेला होता आणि तुम्ही तो उगाचच मळत होतात.

पुढच्या रविवारी मी चुन्याची डबी घेऊन आलो. घरून निघताना मंदाच्या आईने फक्त मान हलवली. काठावर बसलो आणि तुमच्या तळहातावर बिल्ला ठेवला. तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, परत लावलात.

"कुठे?" तुम्ही विचारलंत.

"निफाडच्या बाजारात. नांदूरच्या बंधाऱ्यावरचा."

"कधी?"

"दोन वर्षं झाली."

मी वाट बघत होतो. शिव्या द्याल, उठून जाल, मंदाला उद्या सांगाल तुझा बाप कसा आहे ते. तुम्ही बोटांवर महिने मोजत होतात. मग एकदम उभे राहिलात. "व्याही, अख्खं नाशिक ओलांडून गेला! रामकुंडावर पिंडाचा भात खाऊन गेला असणार लेकाचा." आणि मला मिठी मारलीत, पेंडीच्या हातांनी. मी रडलो त्या दिवशी, तुम्हाला वाटलं उन्हाने डोळे आलेत. तुम्ही मला दोन वर्षं का लपवलंत म्हणून कधीच विचारलं नाहीत, ना त्या दिवशी, ना पुढे. विचारलं असतंत तर बरं झालं असतं.

विचारलंत ते भलतंच. परत बसल्यावर, थोड्या वेळाने, काठीकडे बघत.

"चव कशी होती?"

मी काय बोलायला हवं होतं? माझ्या मनात आलं, ह्या माणसाचा मासा मी मिटक्या मारत खाल्ला आणि वर आता चव कशी होती ते सांगू? लाज वाटली. जीभ उचलली आणि म्हणालो, "चिखलट होती. काही खास नाही."

तुमचा चेहरा उतरला. मला वाटलं चवीचं वाईट वाटलं. पण तुम्ही खात्याच्या फॉर्मवर काय लिहिलंत ते मी नंतर वाचलं. "मासा बहुधा अशक्त असावा, तळाशी पडून राहत असावा. टाक्यामुळे त्रास झाला असण्याची शक्यता." काम चालू राहिलं, पण तुम्ही सुई बदललीत. दोरा आखूड केलात. टेप लावायचा वेळ निम्म्यावर आणलात, आणि तो वाचवायला मला मदतीला घेतलंत. माझ्या ह्या जाड हातांना मासा धरायला तुम्ही शिकवलंत. पहिला मासा मी माझ्या हातांनी सोडला तेव्हा पाण्यातून वर यायला तयार नव्हतो, आठवतंय? तुम्हीच ओढलंत. रिटायर झाल्यावरची माझी सगळी वर्षं तुम्ही मला अशी दिलीत, रविवारी रविवारी. मनमाडला माझ्या बरोबरीचे सगळे फलाटावरच्या बाकांवर बसून होते, आणि मी साठीला धरणात कमरेइतका उभा.

पण ते तुमच्या मनातून गेलं नाही. मधूनच विचारायचात, अगदीच चिखलट होता का हो तो? दवाखान्यात, नळ्या लावलेल्या असताना, गेल्या महिन्यात, विहीणबाई बाहेर गेल्यावर तुम्ही मला जवळ बोलावलंत. मला वाटलं सुभाषबद्दल काही सांगायचंय. तुम्ही म्हणालात, "व्याही, त्या माशाला त्रासच झाला असेल ना?" मी म्हणालो, आधी बरे व्हा, मग बोलू. परत जीभ. नको तेव्हा धावते आणि पाहिजे तेव्हा टाळूला चिकटते.

तर आता ऐका. मी खोटं बोललो होतो. तो मासा चिखलट नव्हता. मंदाच्या आईने पोट चिरलं तेव्हा आत बोटभर जाड पांढरी चरबी निघाली, ती म्हणाली, एवढा माजलेला मासा मी जन्मात बघितला नाही. टाक्याची जागा अशी भरून आली होती की दोरा कातडीतूनच उगवल्यासारखा वाटत होता. अंड्यांच्या गाभोळीने पोट भरलेलं होतं, धष्टपुष्ट मादी होती ती. मांस गोड होतं, खोबऱ्यासारखं. आम्ही दोघांनी दुपारी खाल्ला, रात्री खाल्ला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी पातेलं भाकरीने पुसून घेतलं. तिला काही त्रास झाला नव्हता, व्याहीबुवा. ती अगदी मजेत होती.